ऑइल कुठल्या गाडीचं, ते बाटलीच्या पुढं लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी तासगाव तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. वय ५४, बाग अडीच एकर. आमच्याकडून आपल्याकडं पत्र येतं ते बेदाण्याच्या दराचं, नाहीतर टेंभू-म्हैसाळच्या पाण्याचं. हे पत्र ऑइलचं आहे. खायच्या तेलाचं नव्हे, गाडीच्या इंजिनात ओततात त्या ऑइलचं. विषय किरकोळ वाटेल, पण माझे बाराशे रुपये आणि छाटणीनंतरचे दोन दिवस त्यात गेलेत, म्हणून लिहितो.

ऑक्टोबर छाटणी होऊन पंधरा दिवस झाले होते. बागायतदाराला हे दिवस सांगायला नकोत. फूट निघालेली असते, आभाळ भरून आलं की डावणी या बुरशी रोगाच्या भीतीनं डोळ्याला डोळा लागत नाही, आणि दिवसातनं चार वेळा तासगाव-रान, रान-तासगाव सुरू असतं. हे सगळं माझ्या स्प्लेंडरवर चालतं. हिरो आणि होंडा एकत्र नांदत होते तेव्हाची गाडी आहे. ऑइल बदलायला आलं होतं, म्हणून फवारणीची औषधं आणायला सांगलीला गेलो तेव्हा एका दुकानात शिरलो.

दुकानात एक अख्खी भिंत ऑइलची. पोरगा फोनवर बोलत होता, तोवर मी नुसत्या मोटरसायकलच्या चित्राच्या बाटल्या मोजल्या. २३ भरल्या. एकाच कंपनीच्या त्यात पाच. लाल, सोनेरी, काळी, निळी, आणि एक पांढरी. प्रत्येकीवर पॉवर, अल्ट्रा, प्रो, मॅक्स असलं काहीतरी, आणि चित्रात एक हेल्मेटवाला गुडघा रस्त्याला टेकवून वळण घेतोय. मी मागं द्राक्षाची क्रेट बांधून जातो. मी गुडघा टेकवला तर माल रस्त्यावर येईल. माझ्यासारख्याचं चित्र एकाही बाटलीवर नव्हतं.

पोराचा फोन संपला.

"काका, गाडी कुठली?"

"स्प्लेंडर."

"मग टेन डब्ल्यू थर्टी घ्या."

"त्यातलं कुठलं?"

"कुठलंबी घ्या की. नंबर त्योच हाय."

१०डब्ल्यू३० लिहिलेल्या बाटल्या सात होत्या. किंमत पावणेचारशेपासून साडेआठशेपर्यंत. माझ्या गाडीसोबत आलेल्या पुस्तकात १०डब्ल्यू३० लिहिलंय हे मला पाठ होतं, त्यामुळं पोराचं म्हणणं पटलं. मग राहिला प्रश्न सातातल्या कुठल्या बाटलीचा. स्वस्तातलं घ्यावं तर इंजिनाची काळजी, महागातलं घ्यावं तर जुन्या गाडीला हे लाड कशाला असं वाटतं. पंधरा मिनिटं उभा राहिलो. मला पंधरा मिनिटं कधी लागत नाहीत, बैल घ्यायलासुद्धा लागली नव्हती. शेवटी काहीच कळेना झालं की माणूस करतो ते केलं, मधल्या किमतीचं उचललं. त्यावर 'घर्षण कमी, ॲव्हरेज जास्त' अशा अर्थाचं मोठ्या अक्षरात लिहिलं होतं. इंजिनात घर्षण कमी व्हावं, याला कुणाची हरकत असेल?

घरी येऊन नट खोलला, जुनं काढलं, नवं भरलं. तिसऱ्या दिवशी मागं ०:५२:३४ खताची २५ किलोची बॅग आणि पुढं टाकीवर औषधाचा खोका घेऊन कॅनॉलचा चढ चढायला लागलो, तर इंजिन ओरडतंय आणि गाडी जाग्यावर. आवाज घाटातल्या ट्रकचा, चाल बैलगाडीची. गिअर खाली घेतला, पीळ वाढवला, आवाज तेवढा वाढला. शेवटी बॅग एका ओळखीच्या ट्रॅक्टरवर चढवली आणि गाडी ढकलत मिस्त्रीकडं नेली.

मिस्त्रीनं क्लच दाबला, सोडला, आणि पहिला प्रश्न विचारला, "आण्णा, ऑइल कुठलं वतलंय?" रिकामी बाटली डिकीत होती. त्यानं ती घेतली, पुढची बाजू बघितलीसुद्धा नाही, सरळ उलटी केली. मग उन्हात गेला. मग चष्मा घातला. आणि हसला.

"आण्णा, हे स्कूटीचं हाय."

आता त्यानं जे सांगितलं, आणि नंतर माझ्या मुलीनं वाचून जे समजावलं (ती मेकॅनिकल डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे), ते थोडक्यात लिहितो, कारण माझ्यासारखे फसलेले आणखी असणार. मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअर आणि क्लच या तिघांना मिळून एकच ऑइल असतं. क्लचच्या प्लेटा त्याच ऑइलात बुडालेल्या असतात, आणि त्या एकमेकींना धरून राहिल्या तरच इंजिनाचा जोर चाकाला पोचतो. म्हणजे तिथं घर्षण पाहिजेच. स्कूटीचं तसं नाही. तिथं बेल्ट असतो आणि क्लच कोरडा, इंजिनाच्या ऑइलाबाहेर. त्यामुळं स्कूटीचं ऑइल जास्त निसरडं केलं तरी बिघडत नाही, उलट पेट्रोल थोडं वाचतं. जपानच्या जासो या संस्थेनं यासाठी अक्षरं ठरवून दिलीत. एमए आणि एमए२ म्हणजे ओल्या क्लचला चालणारं, एमबी म्हणजे निसरडं, स्कूटीचं. आणि खरी मेख अशी की दोन्हींवर नंबर १०डब्ल्यू३० असू शकतो. नंबर सांगतो पातळ-घट्टपणा. क्लच धरेल की घसरेल, ते सांगतं ते दोन अक्षरांचं लेबल, आणि ते माझ्या बाटलीवर मागच्या बाजूला, पत्त्याच्या वर, बाजरीच्या दाण्याएवढ्या अक्षरात होतं.

मिस्त्री खरं बोलणारा माणूस आहे. तो म्हणाला, "प्लेटा निम्म्या गेल्याच हुत्या, ह्या ऑइलानं उरल्यासुरल्या घालवल्या." नव्या गाडीत कदाचित इतक्या लवकर कळलं नसतं. प्लेटा, मजुरी, पुन्हा ऑइल, सगळे मिळून बाराशे. गाडी दोन दिवस गॅरेजात, आणि मी दोन दिवस शेजाऱ्यांच्या मागं बसून.

आता कुणी म्हणेल, शेतकऱ्याला हे आकडे-अक्षरं कळायची नाहीत. तर तसं नाही. आकडे आम्ही दुकानदारापेक्षा जास्त वाचतो. १०:२६:२६ म्हटलं की नत्र, स्फुरद, पालाश किती, ते आमच्या बायका-पोरांना माहीत आहे. १९:१९:१९ कधी, १३:०:४५ कधी, माल तयार होताना ०:०:५० कधी, सगळं तोंडपाठ. म्हणून तर मी फसलो. खताच्या बॅगेवर जे आकडे मोठे छापलेत तेच कामाचे असतात, तेव्हा ऑइलच्या बाटलीवरही तसंच असणार, असं धरून चाललो. १०-३० वाचलं आणि मला वाटलं, झालं, दोन्ही घटक कळले.

ते आकडे काय आहेत तेही मुलीकडून समजून घेतलं. आपल्याकडच्या माणसाला काकवीवरून लगेच कळतं. गुऱ्हाळात गरम काकवी पाण्यासारखी धावते, तीच पौषातल्या पहाटे बरणी उलटी केली तरी हलत नाही. ऑइलचं तेच. पाठीमागचा ३० किंवा ४० हा आकडा १०० अंश तापल्यावर ते किती घट्ट राहतं त्याचा. पुढचा, डब्ल्यू लावलेला, थंडीचा, डब्ल्यू म्हणजे विंटर. १०डब्ल्यू म्हणजे उणे २५ अंशाला, २०डब्ल्यू म्हणजे उणे १५ अंशाला इंजिन फिरवून देईल असं. वेण्णा तलावाकाठी दव गोठलं की आपण पहिल्या पानावर फोटो छापता. तिथंसुद्धा पारा शून्याच्या आसपास. म्हणजे या उणे २५ ची तासगावला किती गरज, ते मी सांगायला नको. तरी याचा अर्थ वाटेल ते ओता असा नाही. पातळ ऑइल सकाळच्या पहिल्या किकेला वरपर्यंत लवकर पोचतं, पेट्रोलही कमी लागतं, म्हणून कंपन्या दिवसेंदिवस पातळाकडं चालल्यात. भाच्याच्या नव्या कारच्या पुस्तकात ०डब्ल्यू१६ आहे. त्याचा मेकॅनिक म्हणतो, "एवढं पाण्यासारखं आपल्या उन्हात कसं टिकंल, चाळीस टाकूया." मी भाच्याला सांगितलं, पुस्तक इंजिन बनवणाऱ्यानं लिहिलंय, मेकॅनिकनं नाही. ऐकलं की नाही माहीत नाही.

आमच्या आबांच्या काळी ही भानगड नव्हती. विहिरीवर डिझेल इंजिन होतं. इथनं जवळच किर्लोस्करवाडी, १९१० साली वसलेली. तिथला नांगर आणि पंप ज्या भागात घरोघर गेले, तिथं पोराला सुद्धा इंजिनाचा आवाज ओळखता यायचा. आबा पत्र्याचा डबा घेऊन जायचे आणि दुकानात म्हणायचे, "तीस नंबर द्या." दुकानदार पिंपातनं मापानं ओतायचा. उन्हाळ्यात कधी चाळीस नंबर. संपलं. त्या ऑइलला पुढचा आकडा नव्हताच, म्हणून थंडीत हँडल मारून मारून खांदा निघायचा, हेही खरं आहे. आता ऑइलात असे पदार्थ घालतात की ते तापल्यावर फुगतात आणि ऑइलला फार पातळ होऊ देत नाहीत, म्हणून एकच ऑइल थंडीला दहासारखं आणि उन्हाला तिसासारखं वागतं. तेव्हा मला जुने दिवस परत नकोत. माझी तक्रार प्रकार जास्त झाले ही नाही.

प्रकार लागणारच. माझ्याच शेडमध्ये बघा. छोट्या ट्रॅक्टरच्या इंजिनाला १५डब्ल्यू४०, दर २५० तासांनी. त्याच ट्रॅक्टरचे ब्रेक ऑइलात बुडालेले, म्हणून गिअर आणि हैड्रोलिकला वेगळं. ब्लोअरच्या पंपाला त्याचं. गवत कापायच्या मशीनला पेट्रोलमध्येच टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल) मिसळायचं, लिटरला ४० मिली. शेजाऱ्याचं मशीन २० वर चालतं, म्हणून पेट्रोलचे कॅन अदलाबदल झाले की भांडण. मोटरसायकलला एमए, मुलीच्या स्कूटीला एमबी. एवढी यंत्रं आम्हीच घेतलीत, तर ऑइलंही तेवढी असणार. हे मान्य.

मान्य नाही ते एवढंच की बाटलीची दर्शनी बाजू सगळी फुशारकीला आणि कामाची गोष्ट पाठीला. 'सिंथेटिक' हा शब्द बघा. मुलीनं सांगितलं की १९९९ मध्ये अमेरिकेत दोन मोठ्या ऑइल कंपन्या या एका शब्दावरून जाहिरातींच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळापुढं गेल्या, आणि निघालं असं की जमिनीतल्याच तेलावर खूप प्रक्रिया करून बनवलेल्या ऑइललाही सिंथेटिक म्हणता येतं. चांगलं असेलही ते ऑइल. पण आपल्याकडं रस्त्याकडंच्या प्रत्येक टपरीवर 'सेंद्रिय गूळ' लिहिलेलं असतं, त्या शब्दाचं वजन जेवढं, तेवढंच मी आता याचं धरतो. आणि एसएल, एसएन, एसपी ही तर ऑइलच्या दर्जाची, शाळेच्या इयत्तांसारखी वरवर चढत चाललेली अक्षरं. एस म्हणजे पेट्रोलचं, सी म्हणजे डिझेलचं. एसएन २०१० सालचं, एसपी २०२० सालचं. वरच्या इयत्तेचं खालच्याला सहसा चालतं. पण ही इयत्ताही क्लचबद्दल काही बोलत नाही.

आता औषधाच्या बाटलीकडं या. कीटकनाशकाच्या डब्यावर तिरका चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. १९७१ च्या कीटकनाशक नियमांपासून हे चालत आलंय. अक्षर न येणारा गडीसुद्धा लाल बघून हात आखडता घेतो. सोबतच्या घडीपत्रकात मराठीतनं लिहिलेलं असतं, कुठल्या पिकाला, किती. आमच्यातले कितीजण ते वाचतात हा भाग वेगळा, पण वाचायचं म्हटलं तर आहे. आणि ऑइल? आवेष्टित मालाचे २०११ चे नियम आहेत. त्यात मालाचं नाव, वजन-माप, किंमत, महिना-साल, तक्रारीचा पत्ता छापायला सांगितलंय, तेही इंग्रजीत किंवा हिंदीत. मराठी छापायला मनाई नाही, सक्तीही नाही. मग कोण छापतो? माझ्या बाटलीवर पाच ठिकाणी इंग्रजी आहे आणि मराठीचा एक काना-मात्रा नाही.

माझं मागणं फार नाही. पुढच्या बाजूला, ब्रँडच्या नावाच्या निम्म्या आकारात का होईना, मराठीत दोन शब्द: 'मोटरसायकलसाठी'. नाहीतर 'स्कूटरसाठी'. नाहीतर 'कारसाठी, पेट्रोल'. मोटरसायकलच्या ऑइलला एका रंगाचं झाकण, स्कूटरच्याला दुसऱ्या रंगाचं, सगळ्या कंपन्यांचं सारखं. सध्या झाकणाचा रंग ज्याला जो आवडेल तो. माझ्या त्या बाटलीचं लाल होतं आणि मिस्त्रीनं नंतर भरलेल्या एमए च्या बाटलीचंही लालच. सरकारनं नियम करावा, नाही केला तर कंपन्यांनी आपणहून करावं. ज्या कंपनीच्या बाटलीवर मला हे दोन शब्द दिसतील तिचं ऑइल मी शंभर रुपये जास्त देऊन घेईन. मी एकटा नाही, गावात दोनशेवर मोटरसायकली असतील.

दुकानदारांनाही एक विनंती. मोटरसायकल आणि स्कूटी एका फळीवर ठेवू नका. त्या पोरावर माझा राग नाही. त्याला कुणी सांगितलंच नसणार. मी नंतर जाऊन त्याला एमए-एमबी समजावून सांगितलं, तेव्हा त्यानं स्वतःच्या गाडीत काय भरलंय ते आठवायला सुरुवात केली आणि त्याचा चेहरा पडला.

घरात आम्ही आमच्यापुरता बंदोबस्त केलाय. औषधाच्या खोलीत ऑइलच्या सगळ्या बाटल्यांवर मुलीनं मार्करनं मोठ्या अक्षरात लिहिलंय: 'आप्पांची गाडी', 'माझी स्कूटी', 'ट्रॅक्टर इंजिन', 'ट्रॅक्टर मागचं'. टू-टी च्या बाटलीवर तिच्या आईनं स्वतः 'पेट्रोलमध्येच' असं लिहून दोनदा खाली रेघ मारलीय. मिस्त्रीनं माझ्या गाडीतनं काढलेलं ते तीन दिवस वापरलेलं निसरडं ऑइल परत आणलंय. स्कूटीत भरू का म्हणून विचारलं तर मुलीनं माझ्याकडं असं बघितलं की पुन्हा विचारलं नाही. आता ते कडबाकुट्टीला आणि फाटकाच्या बिजागऱ्यांना जातंय. फाटक मात्र पहिल्यांदाच आवाज न करता उघडतंय.

पत्र लांबलं, त्याबद्दल माफी असावी. काटायचं असेल तर काकवीचं काटा, पण एमए-एमबी चं ठेवा. सोबत बाटलीचे दोन फोटो पाठवतोय, एक पुढून, एक मागून. कंपनीचं नाव अंगठ्याखाली झाकलंय, कारण तक्रार एका कंपनीची नाही. एकाच फोटोला जागा असेल तर मागच्या बाजूचा छापा, आणि आपल्या कार्यालयात कुणाला त्यावरचं 'एमबी' भिंगाशिवाय सापडलं तर मला जरूर कळवा.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार
ता. तासगाव, जि. सांगली
(नाव कृपया छापू नये. मिस्त्री आधीच गावभर सांगत सुटलाय.)